गोष्ट आधी की बाराखडी? ऊसतोडीच्या तळावरची पोरं आणि वाचन

वारणेकाठची

मंडळी, इथे मुलांच्या वाचनावर धागे पुष्कळ निघतात आणि बहुतेक सगळे 'आमचा बाळ्या मोबाईल सोडत नाही' या वळणावर जातात. मला वेगळ्या पोरांबद्दल लिहायचंय.

आमच्याकडे कारखान्याचा पट्टा. दिवाळी झाली की टोळ्या उतरतात. बीड, धाराशिव, जालना, कुठून कुठून. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड. घरी सांभाळायला म्हातारं माणूस असेल तर पोरं गावी राहतात, नसेल तर गाडीवर बसून इकडे येतात. मग पाच-सहा महिने तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात. मागे राहिलेली दहा वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन पाणी भरते, भाकरी थापते. तेरा-चौदाचा पोरगा असेल तर तो मोळ्या बांधायला फडातच.

मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेले काही हंगाम कॉलेजची दोन-तीन पोरं-पोरी घेऊन तळावर जाते. वेळ ठरवता येत नाही, कारण ट्रक भरायला कधी येईल त्याचा नेम नसतो. जेव्हा जमेल तेव्हा सतरंजी टाकायची.

पाटी-पेन्सिल काढली की लहान पोरं बसतात, मोठी मात्र पंधरा मिनिटांत पसार. अकरा वर्षांच्या पोराला सहा वर्षांच्याशेजारी बसून 'ग' गिरवायची लाज वाटते, आणि ती वाटणारच. गोष्ट सुरू केली की तेच पोरगं परत येतं. आधी लांब उभं राहून ऐकतं, मग हळूच कडेला टेकतं. गोष्ट ऐकताना कुणी मागे पडलेलं नसतं ना.

एकदा भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट चालली होती. वाघ आला तशी एक पोरगी म्हणाली, "बाई, वाघ कुठनं? फडात बिबट्या असतो." आणि सुरू झाली. तोड चालू असताना तिच्या आईला सरीत बिबट्याची दोन पिल्लं दिसली, सगळी टोळी कोयते टाकून पळाली, मुकादम शिव्या द्यायला आला आणि पिल्लं बघून तोही पळाला. सगळा तळ हसत होता. आमच्या कॉलेजच्या पोरीने ते सगळं तिच्याच शब्दांत मोठ्या कागदावर मार्करने लिहून काढलं. 'पळाली'ला तिने 'पळाल्याली' म्हटलं होतं, तेही तसंच ठेवलं. मग ओळीखाली बोट फिरवत तिला वाचून दाखवलं. दोन-तीनदा झाल्यावर तिला विचारलं, बिबट्या कुठाय? बरोबर बोट ठेवलं. मग 'बाई'तला ब आणि बिबट्यातला ब तिचा तिने शोधला. सरकारी कागदावर ही पोरगी चौथीत आहे.

म्हणून माझं मत असं की गरिबीतल्या, त्यातही अशा फिरत्या पोरांसाठी गोष्ट हे वाचन शिकवण्याचं पहिलं साधन हवं. शेवटी वेळ उरला तर सांगायची गंमत म्हणून नको. तुम्हाला काय वाटतं? कुणी असं काम केलंय का? कोणती पुस्तकं चालतात?

ठोंब्या

मुकादम पिल्लं बघून पळाला, हे वाचून फार बरं वाटलं. एवढंच सांगायला लॉगिन झालो.

हिशेबनीस

ताई, कामाबद्दल आदर आहे, पण मत पटलं नाही. गोष्टी ऐकून कुणी वाचायला शिकत नाही. आपल्याकडे हजार वर्षं कीर्तनं ऐकली, माणसं निरक्षरच राहिली. अक्षर, काना-मात्रा, जोडाक्षर हे रोज घोटून घ्यावंच लागतं.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शिक्षण-पाहणीचे अहवाल बघा. ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांना एक कागद वाचायला देतात, त्यावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीचा मजकूर. २०१८ साली देशभरातल्या पाचवीच्या मुलांपैकी ५०.५ टक्के मुलांना तो शेवटचा मजकूर वाचता येत होता, करोनानंतर २०२२ साली ४२.८ टक्के. म्हणजे निम्मी पोरं पाचवीत जाऊनही दुसरीचं वाचू शकत नाहीत. ही घरं काय गोष्टी सांगत नाहीत म्हणून? शाळेत शिकवणं झालं नाही म्हणून. तुमच्याकडे पोरं पाच महिने असतील, तर तो वेळ सोन्यासारखा वापरा. मनोरंजनाला टीव्ही आहे.

खडूफळा

हिशेबनीस, तुम्ही ज्याला 'शेवटचा मजकूर' म्हणता त्या पायरीचं 'असर'च्या कागदावरचं नाव 'गोष्ट' आहे बरं का. :)

विनोद सोडा. मी सध्या शाळेवर आहे, आणि आमचं गाव टोळ्या जिथून निघतात त्या बाजूचं. म्हणजे ताईंचीच पोरं, पण जूनमध्ये माझ्याकडे. कागदावर सोय आहे. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे पोहोचेल तिथल्या शाळेत त्याला बसवून घेतात. गावी राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह, म्हणजे पोर आजीकडे झोपतं आणि दोन वेळचं जेवण शाळेमार्फत मिळतं. आधी साखरशाळाही होत्या, कारखान्याच्या तळावरच या पोरांसाठी भरणाऱ्या. पण कार्ड घेऊन गेलेलं पोर तिकडच्या शाळेत प्रत्यक्ष किती दिवस बसतं? शाळा तळापासून दोन-तीन किलोमीटर, टोळीचा मुक्काम हलला की तीही सुटते. शिवाय तिकडच्या वर्गात पोरं 'तोडकऱ्याचं' म्हणून चिडवतात ते वेगळंच.

आता मुद्दा. शाळेतला धडा कालच्या धड्यावर उभा असतो. वजाबाकी चुकली की भागाकार कळत नाही. मधले पाच महिने गायब असलेलं पोर मार्चअखेरीला वर्गात येतं तेव्हा प्रत्येक तासाला त्याचा मधला जिनाच तुटलेला असतो. गोष्ट एका बैठकीत सुरू होते आणि संपते. काल नसलेलं पोरही आज सगळ्यांच्या बरोबरीनं हसतं. मी हंगामाहून परतलेल्या मुलांना पहिला आठवडा निव्वळ गोष्टीच सांगतो आणि त्यांच्याकडून ऐकतो. वरून विचारणा झाली तर 'श्रवण व भाषण कौशल्य' असं टाचणात लिहितो. चालतं.

आणि घोटून घेण्याला माझाही विरोध नाही. रोज अर्धा तास अक्षरं हवीतच. पण अक्षरं जुळवून 'मादी' वाचलं आणि मादी म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर वाचलं काय? शहरातल्या सुखवस्तू घरचं पोर शाळेत येण्याआधी पुस्तकी भाषा ऐकून आलेलं असतं. 'अरण्य', 'एके दिवशी', 'तेवढ्यात', 'हताश होऊन'. आमच्या लेकराला हे शब्द पहिल्यांदा भेटतात ते थेट परीक्षेत. गोष्ट ऐकली की हे शब्द आधी कानावरून गेलेले असतात.

बालाघाट

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, या धाग्यावर राहवलं नाही.

मी त्या कोपीत वाढलेलो आहे. माय-बाप कोयता, आजा पण कोयता. आज सरकारी नोकरीत आहे. म्हणून थोडं कडू लिहितो, ताई, राग मानू नका.

आमच्या आजीला गोष्टी लई येत. रात्री चुलीपुढं आटपाट नगरापासून सुरू करायची ते झोप लागेस्तोवर. आमच्या तळावर सांगणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. भारूड होतं, पोवाडे होते, जागरणात रात्रभर मल्हारीची कथा. तुटवडा होता तो भाकरीचा आणि एका जागी राहण्याचा. मला बाहेर काढलं ते गोष्टीनं नाही. सातवीत वसतिगृहात जागा मिळाली, दोन टाइम जेवण मिळालं, आणि बापानं एक वर्ष माझ्या वाट्याच्या मोळ्या स्वतः बांधल्या. ज्यांना जागा मिळाली नाही ते माझ्याहून हुशार मित्र आज मुकादमाकडं उचल घेतात. त्यांनाही आजीच्या गोष्टी येतच होत्या की.

दुसरं, कुणीतरी आता अण्णाभाऊंचं नाव काढेल म्हणून आधीच सांगतो. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस एवढा मोठा लेखक झाला याचा अभिमान आहेच. पण त्यांचं उदाहरण देऊन 'शाळा नसली तरी प्रतिभा वाट काढते' असं म्हणणारे मला भेटले की डोकं फिरतं. अण्णाभाऊ एक निघाले. बाकीच्यांचं काय झालं ते विचारायला कुणी जात नाही.

वारणेकाठची

बालाघाट, राग कसला. तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला वजन आलं.

जेवण आणि वसतिगृह यांच्याऐवजी गोष्ट, असं माझं म्हणणं नाही. तळावर पोर उपाशी असेल तर आम्ही सतरंजी घालण्याआधी शेंगदाणे-गूळ वाटतो. आणि वसतिगृहात जागा वाढाव्यात हे मी तुमच्या इतक्याच जोरात म्हणेन. पण एक विचारते. वसतिगृहात जागा मिळाली तेव्हा तुम्ही सातवीचं पुस्तक वाचू शकत होतात. ते कसं?

सांगणाऱ्यांचा तुटवडा नव्हता, हे मात्र शंभर टक्के खरं. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं आपण रिकाम्या जागी गोष्टी घेऊन चाललोय. तळावर माझ्यापेक्षा चांगलं सांगणाऱ्या बाया आहेत. गोष्ट तिथे भरपूर आहे, तिच्या आणि छापील पानाच्या मधला रस्ता नाही. आम्ही तेवढाच रस्ता करायला बघतो.

डहाणूची_लोकल

आमच्या पालघरकडची थोडी माहिती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, हे बहुतेकांना माहीत असतं. पण अनुताईंची कुरणशाळा कमी लोकांना ठाऊक आहे. वारली पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची. गुरं चरतायत, पोरं गाणी-गोष्टी करतायत, त्यातच शिकणं. ताई, तुमची सतरंजी त्याच घराण्यातली.

अलीकडचं म्हणजे वाड्याजवळ सोनाळ्याला नीलेश निमकरांची 'क्वेस्ट' ही संस्था. त्यांचा 'गोष्टरंग' म्हणून उपक्रम आहे. प्रशिक्षण घेतलेले नट-नट्या आदिवासी भागातल्या शाळांत जाऊन बालसाहित्यातल्या गोष्टींचे प्रयोग करतात. झकपक नेपथ्य काही नाही, वर्गातच उभे राहून. मी एका आश्रमशाळेत प्रयोग पाहिलाय. संपल्यावर ज्या पुस्तकातली गोष्ट होती ते पुस्तक पोरांच्या हातात पडलं तर झोंबाझोंबी. पहिलीतली एक चिमुरडी पुस्तक उलटं धरून अख्खी गोष्ट 'वाचत' होती, नटाच्या आवाजासकट. हिशेबनीस हसतील, पण मला तरी ती वाचनाची सुरुवात वाटते. छापलेल्या पानातून गोष्ट निघते एवढं तिला कळलंय.

आणखी एक. आमच्याकडे घरची बोली वारली, शाळा प्रमाण मराठीत. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया-गोंडी, तिकडे तर भाषाच सगळी वेगळी. पहिल्या दिवशी गुरुजी बोलतात ते पोराला कळत नाही आणि आपण निकालात लिहितो 'अप्रगत'. तिथे पोराच्या बोलीत गोष्ट ऐकणं आणि ती लिहिणं याला पर्याय नाही.

आजीचा_बटवा

धागा वाचून जात्यावरच्या ओव्या आठवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बहुतेक जणी निरक्षर. सासुरवास, दुष्काळ, भाऊ-बहीण, अगदी बाबासाहेबांवरच्या ओव्यासुद्धा. आपल्या बहिणाबाईंनाही कुठे लिहिता येत होतं? त्या गात गेल्या, मुलानं आणि त्याच्या मावसभावानं लिहून ठेवलं म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. लिहून घेणारं कुणीतरी हवं असतं.

(अवांतर: शेंगदाणे-गूळ वाचून तोंडाला पाणी सुटलं. डॉक्टरांनी गूळ बंद केलाय.)

न्यूजर्सीकर

फार सुंदर धागा. आम्हा तीन-चार मराठी कुटुंबांना पुस्तकं पाठवायची आहेत. आमच्या मुलांची जुनी इंग्रजी चित्रांची पुस्तकं भरपूर आहेत, दोन मोठी खोकी भरतील. काही मराठी कादंबऱ्याही आहेत. कुठे पाठवू?

वारणेकाठची

न्यूजर्सीकर, मनापासून आभार, पण खोकी नका पाठवू. टपालाच्या खर्चात इथे नवी कोरी मराठी पुस्तकं येतील.

अनुभवाने सांगते काय चालतं. पातळ पुस्तक, सोळा ते चोवीस पानं. पानावर दोन-तीन ओळी, अक्षर मोठं, चित्र ऐसपैस. चित्रातलं घर, कपडे, माणसं ओळखीची वाटली पाहिजेत. बर्फातला माणूस बघून पोरं विचारतात हा कापसाचा का. विचारू देत, त्यातही मजा आहे, पण सगळीच तशी नकोत. आणि एका पुस्तकाच्या चार-पाच प्रती हव्यात, कारण एकानं वाचलं की तेच दुसऱ्याला हवं असतं.

काय चालत नाही: थोर पुरुषांची उपदेशपर चरित्रं, जुनी गाईडं, फाटके दिवाळी अंक. 'गरिबांना काय, काहीही चालतं' या भावनेनं आलेल्या पुस्तकांनी आमच्या ग्रंथालयाचं एक कपाट अडवलंय.

फुकटातही बरंच मिळतं. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी आहेत, वाचन-पातळीनुसार लावलेल्या, आणि परवाना खुला असल्यामुळे छापून वाटता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांनी मोफत खुले केलेत. जरा वाचू लागलेल्या पोरांना ते फार आवडतात. तुम्ही छपाईचा खर्च उचललात तर खोक्यापेक्षा जास्त उपयोग.

न्यूजर्सीकर

पटलं. व्यक्तिगत निरोप करतो.

हिशेबनीस

बरं, थोडं मागे येतो. पोराची गोष्ट लिहून त्यातूनच अक्षर शोधायला लावणं यात घोटणंही आहेच, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण माझी खरी चिंता मोठ्या पोरांची आहे. तेरा ते सोळा. भोपळ्यातली म्हातारी त्यांना चालणार नाही आणि 'किशोर' वाचण्याइतकं येत नाही. ती तर गळालेलीच समजायची का?

खडूफळा

या वयाला स्वतःचं सांगायचं असतं, फक्त कुणी विचारत नाही. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा शाळेत जाऊन तिला फार वर्षं झाली नव्हती. आठवीच्या पोरांना मी तो निबंध वाचून दाखवतो आणि मग म्हणतो, आता तुमचं लिहा. सुरुवातीला चार ओळी येतात, तीन शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेल्या. मी लाल पेन खिशातच ठेवतो. मागे एकीनं लिहिलं होतं की लग्न ठरलंय आणि मला विचारलं नाही. तो कागद घेऊन मी तिच्या घरी गेलो. पुढचं इथं लिहीत नाही, पण कागद नसता तर मला कळलंच नसतं.

बालाघाट

ताईंनी विचारलं होतं की सातवीत मी वाचू कसा शकत होतो. दोन दिवस त्याचाच विचार करतोय.

शाळेत मी अर्धा हंगामच असायचो. वाचायला लागलो ते काट्याच्या पावतीमुळं. गाडी कारखान्याच्या काट्यावर गेली की वजनाची पावती मिळते, टन-क्विंटल. बापाला वाचता येत नव्हतं. मुकादम वहीत लिहायचा आणि सांगायचा एवढं झालं, अजून एवढी उचल बाकी. मी दहा-अकराचा असेन, पावत्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायला लागलो. आधी आकडे, मग त्यावरची नावं, तारीख, गाडीचा नंबर. हंगामाच्या शेवटी मुकादमानं हिशेब सांगितला तेव्हा बापानं डबा पुढं केला. भांडण झालं नाही, पण दुसऱ्यांदा हिशेब झाला आणि आकडा वेगळा निघाला. त्या रात्री बापानं तळावरच्या प्रत्येकाला ते सांगितलं, दर खेपेला जरा वाढवून. चौथ्या खेपेला मी अर्धा वकील झालो होतो. आता लिहिताना लक्षात येतंय, ती पण गोष्टच होती आणि तिच्यात मी होतो. वसतिगृहाचा अर्ज भरायला बाप ज्या जिद्दीनं गेला ती त्याच हिवाळ्यातली.

तर हिशेबनीस, मोठ्या पोरांसाठी पुस्तक शोधत बसू नका. पावती, उचलीचा कागद, रेशनकार्ड, मोबाईलच्या रिचार्जचा मेसेज, हे वाचायला घ्या. त्यांना तिथं लाज वाटणार नाही, कारण ते मोठ्या माणसाचं काम आहे. मग त्यांना विचारा तुमच्या टोळीत हिशेबावरून कधी भांडण झालं का. गप्प बसवणं अवघड जाईल तुम्हाला.

हिशेबनीस

हे आवडलं. माझ्या आयडीला जागलात.

वारणेकाठची

बालाघाट, येत्या हंगामात इकडे याल का? मी सांगण्यापेक्षा तुम्ही येऊन डब्याची गोष्ट सांगितलीत तर मोठी पोरं हलणार नाहीत. राहायची सोय आमच्याकडे.

बालाघाट

येतो. पण दोन अटी. एक, माझी ओळख 'साहेब' म्हणून करून द्यायची नाही, कोणत्या गावचा आणि कोणाचा एवढंच सांगायचं. दुसरी, तळावर जायच्या आधी मुकादमाला चहाला बोलवा. पावत्या वाचायला शिकवतोय हे त्याला दुसऱ्याकडून कळलं तर टोळीचा मुक्काम एका रात्रीत हलेल आणि तुमची पोरं जातील. त्याच्याच समोर, त्याच्याच पोराला पहिल्यांदा वाचायला लावू. बहुतेक मुकादम पूर्वी कोयतेच असतात.

ठोंब्या

चहाबरोबर बिबट्याचा विषय काढू नका म्हणजे झालं.